तांब्याच्या वाटा आणि त्यांची भाषा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बंद पडलेला रेडिओ किंवा मोबाईलचा चार्जर उघडला की आत बहुधा एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि त्या वाटांवर सुटे भाग डाग देऊन बसविलेले असतात. हिला प्रिंटेड सर्किट बोर्ड, थोडक्यात पीसीबी म्हणतात. ही पाटी आता संगणकावर आखली जाते. हे काम आपल्या मुलामुलींना शिकता येण्यासारखे आहे. अडचण येते ती त्यातील शब्दांची. म्हणून आज त्या शब्दांचीच ओळख करून घेऊ.

प्रथम दोन माणसांविषयी थोडेसे. पाऊल आयस्लर हे व्हिएन्नाचे अभियंते. ज्यू असल्यामुळे त्यांना तेथे धड काम मिळेना. १९३६ साली ते इंग्लंडला गेले आणि तारांच्या गुंत्याऐवजी छापील मंडळ वापरण्याच्या कल्पनेवर काम करीत राहिले. दुसरे जोसेफ गर्बर, तेही व्हिएन्नाचेच. नाझी राजवटीतून सुटून १९४० साली, कोवळ्या वयात, ते अमेरिकेत पोहोचले. पुढे त्यांच्या कंपनीने बोर्डाचे नकाशे प्रकाशाने फिल्मवर उमटविणारी यंत्रे बनविली. बोर्डाचा नकाशा कारखान्याकडे ज्या फाइलींतून जातो, त्यांना आजही 'गर्बर फाइल' म्हणतात. तयार कपड्यांच्या कारखान्यांत कापड आपोआप कापणारे यंत्रही याच गर्बर यांचे. दोघांचेही गाव सुटले, पण हुन्नर त्यांच्याबरोबर गेला.

पूर्वी हे काम हाताने चाले. पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या लावून दुप्पट किंवा चौपट मोठा नकाशा तयार करीत आणि छायाचित्राने तो लहान करीत. एक वाट बदलायची म्हणजे पट्ट्या उचकटून पुन्हा लावायच्या. संगणकाने हा त्रास संपविला. आल्टियम, ओरकॅड यांसारखी सॉफ्टवेअरे मोठ्या कंपन्या वापरतात. ती महाग आहेत. परंतु कायकॅड हे सॉफ्टवेअर पूर्णपणे विनामूल्य आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील एक अध्यापक, झाँ-पिएर शारा, यांनी ते १९९२ साली सुरू केले. २०१३ पासून सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. शिकणाऱ्याला त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही.

आता शब्दांकडे वळू. कामाचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला 'स्कीमॅटिक', म्हणजे कोणता भाग कोणाशी जोडायचा याचे चित्र. त्यात प्रत्येक भागाचे एक चिन्ह असते, त्याला 'सिम्बॉल' म्हणतात. हे चित्र वंशावळीसारखे असते. कोणाचे कोणाशी नाते आहे ते कळते. कोण कोठे राहतो ते कळत नाही. दुसरा भाग 'लेआउट'. त्यात प्रत्येकाला प्रत्यक्ष जागा दिली जाते. एकमेकांशी जोडलेल्या टोकांच्या समूहास 'नेट' म्हणतात आणि अशा सर्व समूहांच्या यादीस 'नेटलिस्ट'. लेआउट उघडताच न जोडलेली टोके बारीक सरळ रेषांनी दाखविली जातात. या जंजाळाला इंग्रजीत 'रॅट्सनेस्ट', म्हणजे उंदराचे घरटे, असे गमतीचे नाव आहे. ते पाहून पुष्कळ विद्यार्थी घाबरतात. घाबरू नये. त्या अजून वाटा नव्हेत, केवळ आठवणी आहेत. भाग नीट फिरवून जवळ मांडले की निम्मा गुंता आपोआप सुटतो.

तांब्याची वाट म्हणजे 'ट्रॅक'. जास्त विद्युतप्रवाह जायचा असेल तेथे ती रुंद ठेवावी, नाही तर तापते. ज्या तांब्याच्या ठिपक्यावर भागाचा पाय डागतात तो 'पॅड'. बोर्डाच्या दोन्ही बाजूंस तांबे असेल तर एका बाजूची वाट दुसऱ्या बाजूस नेणारे छिद्र म्हणजे 'व्हाया'. दुमजली घरातील जिनाच म्हणा. हिरवा थर तो 'सोल्डर मास्क', नको तेथे डाग पसरू नये म्हणून. पांढरी अक्षरे ती 'सिल्कस्क्रीन'. एक शब्द विशेष जपावा : 'मिल' म्हणजे मिलिमीटर नव्हे, तर इंचाचा हजारावा भाग. १०० मिल म्हणजे २.५४ मिलिमीटर.

सर्वांत महत्त्वाचा शब्द 'फुटप्रिंट', म्हणजे भागाच्या पायांचा ठसा. स्कीमॅटिक अचूक असले आणि ठसा चुकला, तर बोर्ड वाया जातो. एकच आठ पायांची चिप दोन आकारांत मिळते. एकीच्या शेजारच्या पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असते, दुसरीच्या १.२७. एकीच्या ठशावर दुसरी बसणार नाही. बीसी ५४७ आणि २एन३९०४ हे ट्रान्झिस्टर दिसायला सारखे, पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर आणि दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर असे असतात. संगणकाकडे 'डीआरसी' नावाची तपासणी असते. दोन वाटा फार जवळ आल्या, जोडणी राहून गेली, हे ती सांगते. पण तुमच्या हातातला भाग कोणता, हे तिला कसे कळणार? त्यासाठी साधा उपाय आहे. नकाशा मूळ मापात कागदावर छापावा आणि खरे भाग त्यावर ठेवून पाहावेत. शिंपी कापड कापण्यापूर्वी पुन्हा माप घेतो, त्यातलेच हे आहे. कापल्यावर माप घेऊन उपयोग नाही. बोर्ड कारखान्यातून आल्यावर पैसेही गेलेले असतात आणि प्रकल्प सादर करण्याची तारीखही.

पालकांना एक विनंती. एखाद्या वर्गाची मोठी फी भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला या विनामूल्य सॉफ्टवेअरवर एक बॅटरी, एक रोध आणि एक एलईडी एवढाच बोर्ड आखू द्या. त्याने फार तर काही संध्याकाळी जातील, पण गोडी आहे की नाही ते कळेल. मुलींनाही ही संधी आवर्जून द्या. घरी संगणक नसेल तर शाळेच्या प्रयोगशाळेत बसण्याची परवानगी मागा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एक वही करा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ आपल्या घरच्या भाषेत, मराठीत किंवा उर्दूत, शेजारी लहानसे चित्र. असे तीस शब्द झाले की पडद्यावरील सूचना परक्या वाटणार नाहीत. इंग्रजी कच्चे आहे म्हणून हे काम आपले नव्हे, असे कोणी समजू नये. तांब्याच्या वाटेला भाषा नसते. ती बरोबर जोडली असेल तर दिवा लागतो.