खोलीतली शेगडी

मंडळी, पौषाची थंडी आहे. सगळे गोधड्या पांघरून बसले आहेत. तेव्हा आज थंडीविषयीच बोलू.

आपल्या इंझोरीत जुनी घरे मातीची. भिंत हातभर जाड. अशी भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री ऊब हळूहळू घरात सोडते. टिनाचे तसे नाही. टिन लवकर तापते आणि लवकर गार होते. तरी आम्ही जुने घर पाडून टिना घातल्या. हौस, दुसरे काय!

त्याच हिवाळ्यात सून बाळंतीण झाली. तिच्या बाजेखाली आम्ही कोळशाची शेगडी ठेवली. दार लावले. खिडकीत पोते कोंबले. मध्यरात्री सून डोके धरून उठली. तिला ओकारी झाली. पाय टाकवेना. बाळ सुस्त पडलेले. आम्हाला वाटले, बाहेरची बाधा! शेजारच्या म्हातारीने मात्र आधी दार उघडले. दोघांना ओसरीवर आणले. मग दवाखाना गाठला. दोघेही वाचली.

डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत निखारा जळला की विषारी वायू साचतो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. माणूस झोपेतच जातो. धूर नाही म्हणून भीती नाही, असे समजू नका बरं का.

मग ऊब आणावी कोठून? उन्हातून! लडाखात हिवाळ्यात पाणी गोठते. तिथे लेहजवळ फे गावी मातीच्या इमारतींची एक शाळा आहे. तिचे तोंड दक्षिणेला, त्या बाजूला काचा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. त्याचे ऊन थेट आत येते आणि जाड भिंती ते साठवतात.

आपल्याकडे काचा नसतील, पण दक्षिणेची खिडकी तर आहे. ती दुपारी उघडा, दिवस मावळायच्या आत लावा. टिनाखाली बांबूचा तट्टा बांधून मातीने लिंपा. अंगावर एक गोधडी, तशी अंगाखालीही एक हवी. जमीन फार ऊब ओढते.

थंडीची सवयही होते. फौजेतली आपली पोरे लडाखात आधी कुडकुडतात, मग रुळतात. तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्यांना ते तितके जमत नाही. बाळाला टोपडे घाला, आईच्या अंगाशी ठेवा. तीच त्याची शेगडी.

आमचा तो नातू आता सात वर्षांचा आहे. घरातली शेगडी अंगणात गेली. तिच्यावर तो हरभऱ्याचे घाटे भाजतो.