यूपीएसची बॅटरी : निगा आणि दुरुस्ती

वीज गेल्यावर संगणक चालू राहतो तो यूपीएसच्या पोटातल्या बॅटरीवर. छोट्या कार्यालयातल्या 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची एकच सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये बनवलेल्या बॅटरीचेच हे रसायन. आता फक्त आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेले असते. त्यामुळे तिच्यात पाणी घालावे लागत नाही आणि त्यामुळेच तिची तब्येत बाहेरून कळत नाही. ती मुकाट्याने संपते आणि वीज गेल्यावरच ते उघड होते. ‘यूपीएस बिघडला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा बॅटरीच असते.

सुरतजवळच्या सचिनसारख्या औद्योगिक वसाहतीत बॅटरीचे आयुष्य घटते. विणकामाच्या आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत एखाद्या कोपऱ्यात केबिन असते आणि बिले, चलने, कामगारांची हजेरी तिथल्या संगणकावर असते. 20 ते 25 अंश तापमानात अशी बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षे टिकते. त्यापुढे दर 10 अंशांना आयुष्य जवळपास निम्मे होते. पत्र्याखालच्या केबिनमध्ये 35 अंश ही उन्हाळ्यातली नेहमीची गोष्ट. त्यात मागांवरून उडणारा सुताचा भुगा यूपीएसच्या जाळीवर बसतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. शेजारची मोठी मोटर सुरू होताना विजेचा दाब पडला की यूपीएस क्षणभर बॅटरीवर जातो आणि बॅटरी थोडी झिजते. निदान उष्णता कोंडू नये म्हणून यूपीएस टेबलाखालच्या कोपऱ्यात न कोंबता भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून थोडा उंच ठेवावा आणि जाळी दर आठवड्याला कोरड्या ब्रशने साफ करावी.

बॅटरीवर किती वेळ मिळेल, याचा हिशेब सोपा आहे. 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॅट-तास. पण हा आकडा बॅटरी 20 तासांत सावकाश रिकामी केली तरचा. मिनिटांत रिकामी करताना निम्म्याच्या आसपास ऊर्जा हाती लागते, त्यातली काही यूपीएसमध्येच खर्च होते. संगणक आणि पडदा मिळून 120 वॅट घेत असतील, तर नवी बॅटरी सुमारे पंधरा मिनिटे देते. ही मिनिटे फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी आहेत. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावूच नये; तापताना तो एकदम मोठा भार घेतो.

बॅटरीची खरी परीक्षा भार टाकल्यावरच होते. मोकळ्या अवस्थेत मल्टिमीटर 12.7 व्होल्ट दाखवतो आणि बॅटरी चांगली वाटते. संगणकाऐवजी 100 वॅटचा जुना पिवळा दिवा यूपीएसला जोडावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. पिन उपटू नये, म्हणजे अर्थिंग जोडलेले राहते. मग घड्याळ पाहावे. चांगली बॅटरी 12 व्होल्टच्या आसपास स्थिरावते आणि हळूहळू उतरते. थकलेली बॅटरी काही सेकंदांत 10.5 व्होल्टच्या खाली घसरते आणि दिवा विझतो. मिळालेली मिनिटे तारखेसह लिहून ठेवावीत. ती निम्म्यावर आली की बॅटरी बदलावी.

आता दोष क्रमाने. यूपीएस मुळीच सुरू होत नसेल, तर आधी सॉकेट, मग मागचा फ्यूज किंवा बटण पाहावे. सलग आवाज येत असेल तर बहुधा भार जास्त आहे. एकेक उपकरण काढून पाहावे. वीज असताना सारखी टकटक होत असेल, तर दाब मोजावा. ढिला न्यूट्रल हे त्याचे नेहमीचे कारण. जनरेटरवर यूपीएस बॅटरीवरच राहत असेल, तर जनरेटरची वारंवारता 50 हर्ट्झवर स्थिर नाही, असे समजावे. संगणकाच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग तपासून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दाब नसावा. बॅटरी फुगली असेल तर ती लगेच काढावी, आणि नवी बसवण्याआधी चार्जरचा दाब मोजावा. तो 13.5 ते 13.8 व्होल्ट असायला हवा. जास्त असेल तर नवी बॅटरीही फुगेल.

बॅटरी बदलताना यूपीएस बंद करून पिन काढावी, हातातली अंगठी आणि घड्याळ उतरवावे. लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला. दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदलाव्यात, कारण जुनी बॅटरी नवीलाही खाली ओढते. जास्त वेळ मिळावा म्हणून गाडीची बॅटरी जोडणे धोक्याचे आहे: छोट्या यूपीएसचा चार्जर तिला पुरत नाही, आतला ट्रान्सफॉर्मर दीर्घ वेळ चालण्यासाठी बनवलेला नसतो आणि अशा बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो. नवी बॅटरी आठ-दहा तास चार्ज झाल्यावरच तपासावी. सर्किटच्या पाटीला हात फक्त जाणकाराने लावावा.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये की उघड्यावर फोडू देऊ नये. तिच्यातले शिसे माती आणि माणूस दोघांनाही विषारी आहे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून परत घेण्याच्या साखळीतच द्यायची असते, आणि नवी घेताना ती दुकानदाराकडे देणे हा त्याचा सोपा मार्ग.

नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख जाड पेनाने लिहावी आणि दर तीन महिन्यांनी दिवा लावून एकदा घड्याळ पाहावे. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचेही काम नाही. ते प्रत्येक कार्यालयाने स्वतः करावे.