डबीतली डिस्क लॅपटॉपमध्ये



आमच्या सल्ला केंद्राच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा दुकानदार म्हणाला, “ठेवून जा, बघतो.” पण तिच्यात बायकांचे जबाब, पत्ते, माहेरचे फोन नंबर! पुसलेली माहितीसुद्धा परत काढता येते. म्हणून ते काम आम्हीच करायचं ठरवलं.

बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कची डबी उघडली की आत बहुधा लॅपटॉपचीच अडीच इंची ‘साटा’ डिस्क असते, टोकाला यूएसबीची छोटी पट्टी लावलेली. पट्टी काढली की झालं. मात्र काही डिस्कना यूएसबीचं तोंड पक्कंच असतं; त्या लॅपटॉपला निरुपयोगी. जाडीही बघा: ७ किंवा ९.५ मिलिमीटरची बसते, १५ची नाही. नव्या पातळ लॅपटॉपांत तर बहुधा अशी जागाच नसते. आणखी एक. काही पट्ट्या माहिती सांकेतिक करून साठवतात. पट्टी काढली की ती वाचता येत नाही. तेव्हा आधी दोन्ही डिस्कवरचं सगळं तिसरीकडे उतरवा, मगच डबीला हात लावा.

बॅटरी काढून डिस्क बदलायला पंधरा मिनिटं लागली, विंडोज नव्यानं टाकायला अख्खी दुपार. “तुम्हाला जमेल का?” असं विचारणारे होतेच. जुनी डिस्क आमच्याच कपाटात, कुलपात आहे.