ठेव्याचा शोध आणि गावचा नकाशा
(राळेगाव तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसमोर वाचलेले भाषण)



राळेगावहून ईशान्येस निघून वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट लागते. तेथे विल्यम लॅम्बटन या भूमापकाचे थडगे आहे. १८०२ साली मद्रासेजवळ पोलादी साखळीने पहिली आधाररेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र टेकडीटेकडीवर चढवीत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटास निवर्तला. त्याचे पुढील काम जॉर्ज एव्हरेस्ट या त्याच्या सहायकाने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. "आपण पृथ्वीवर नेमके कोठे आहोत?" या एका प्रश्नासाठी एवढा खटाटोप झाला. तोच प्रश्न आज तळहातावरील यंत्रास विचारला, तर मिनिटभरात उत्तर मिळते. उत्तर इतके स्वस्त झाले असताना मूळ प्रश्न आपल्या मुलांना उमगला आहे काय, याचा शिक्षकाने शोध घ्यावयास हवा.

वर्गाच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा असतो. त्यावर यवतमाळ दाखवावयास सांगितले, तर मुलगा चटकन बोट ठेवतो. पण शाळेच्या पटांगणात उभे करून वर्धा नदी कोणत्या बाजूस आहे ते हात करून दाखव, असे म्हटले की तोच मुलगा गोंधळतो. उत्तर दिशा विचारली असता आकाशाकडे बोट करणारी मुलेही आढळतात, कारण नकाशात उत्तर वर असते! हा दोष मुलांचा नव्हे. नकाशा भिंतीवर टांगला गेला आणि जमिनीपासून तुटला, एवढाच त्याचा अर्थ. ही तुटलेली गाठ पुन्हा बांधण्यास उपयोगी पडेल असा एक खेळ आहे. त्यास इंग्रजीत जिओकॅशिंग म्हणतात.

त्याचा जन्म अलीकडचा आहे. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत नागरी उपयोगासाठी मुद्दाम अस्पष्ट ठेवले जात. १ मे २००० च्या रात्री ते बंधन उठले आणि शंभर मीटरांपर्यंत चुकणारे यंत्र दहावीस मीटरांच्या आत अचूक ठिकाण दाखवू लागले. ही अचूकता पडताळून पाहण्यासाठी ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली, तीत वही, पेन्सिल व काही वस्तू घातल्या आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. थोड्याच दिवसांत लोकांनी ती शोधून वहीत नावे लिहिली. पुढे हा खेळ जगभर पसरला. डबी शोधावी, वहीत नोंद करावी, आतली वस्तू घेतल्यास तोलामोलाची दुसरी ठेवावी आणि डबी होती तशी झाकून परतावे, एवढेच त्याचे नियम. ती जमिनीत पुरू नये, असाही दंडक आहे.

आपल्याकडे हा शेवटचा दंडक विशेष महत्त्वाचा. या खेळास कोणी "गुप्तधन" म्हणू नये. गुप्तधनाच्या नादाने आपल्या भागात काय काय घडते, ते शिक्षकांस सांगावयास नको. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा शोधातील अघोरी कृत्ये गुन्हा ठरविली आहेत. म्हणून "ठेवा-शोध" हे साधे नाव बरे. ठेवा म्हणून डबीत चिंचोके, रंगीत खडू किंवा मुलांनीच लिहिलेले कोडे असावे.

यंत्राचे कार्य समजावण्यास पटांगण पुरेसे आहे. तीन मुलांना तीन ठिकाणी उभे करून प्रत्येकाच्या हाती ठरावीक लांबीची दोरी द्यावी. तिन्ही दोऱ्यांची टोके ताणून जेथे एकत्र येतील, ती जागा एकच. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रह हे ती तीन मुले आणि संकेत पोचण्यास लागणारा वेळ ही दोरी. हा वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. यंत्रातील साधे घड्याळ इतके काटेकोर नसते. ते सुधारून घेण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. यासाठी इंटरनेट लागत नाही, हे अनेकांस ठाऊक नसते. शिक्षकाच्या खिशातील साधा स्मार्टफोनही उघड्या आकाशाखाली, रेंज नसतानाही, ठिकाण सांगू शकतो. फक्त थोडा अधिक वेळ घेतो. नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावा लागतो. हातातील स्वतंत्र जीपीएस यंत्र पावसाधुळीत टिकते व त्याच्या बॅटऱ्या बदलता येतात, हा त्याचा फायदा. पण त्यासाठी शाळेने अडून बसू नये.

खरी गंमत, आणि खरी फसगत, आकड्यांत आहे. राळेगाव साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांश व ७८.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे उलटसुलट भरले तर राळेगाव थेट उत्तर ध्रुवानजीक, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, बर्फात जाऊन बसते. मुलांना हे एकदा करून दाखवावे. अक्षांश आधी की रेखांश आधी, हे मग विसरले जात नाही. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. २० अंश २५ मिनिटे म्हणजे २०.२५ अंश नव्हेत. साठ मिनिटांचा अंश असल्याने ते २०.४१६७ होतात. ही गफलत झाल्यास शोधणारा अठरा किलोमीटर दक्षिणेस जातो. दशांश अपूर्णांक शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल : अंशाच्या दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक सुमारे ११० मीटरांचा, चौथा ११ मीटरांचा आणि पाचवा जेमतेम एका मोठ्या पावलाचा. फोनचे यंत्र चांगल्या आकाशाखालीही पाचेक मीटर चुकतेच. म्हणून सहावा अंक वहीत उतरविणे ही निव्वळ हौस होय.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा हाती असल्यास आणखी एक सावधगिरी घ्यावी. ते नकाशे एव्हरेस्टने १८३० साली ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेले आहेत, तर यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या मापावर चालते. दोहोंत शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो आणि विहीर नकाशात एकीकडे, यंत्रात दुसरीकडे दिसते.

वर्गात मात्र यंत्र शेवटी काढावे. आधी मुलांनी शंभर पावलांचे मीटर मोजावे, सकाळच्या सावलीवरून दिशा ठरवावी, शाळा, पार, ग्रामपंचायत, हातपंप यांचा पावलांवर नकाशा काढावा. मग शिक्षकाने गावठाणातच डबी ठेवून आकडे द्यावेत. यंत्र मुलांना पाच-सात पावलांच्या परिघात नेऊन सोडते. पुढचा शोध डोळ्यांनी व बुद्धीनेच करावा लागतो. या खेळाची शैक्षणिक किंमत त्या शेवटच्या पाच पावलांत आहे.

डबी कोठे ठेवू नये, हे अधिक कडकपणे पाळले पाहिजे. विहिरीचा काठ, रस्त्याची कड, विजेचा खांब, फवारणी झालेले कपाशीचे शेत आणि साप दडतील अशी दगडांची रास वर्ज्य. रानात तर मुळीच नाही. तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचे नाव जोडले गेले, ती टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी याच तालुक्यात बोराटीच्या जंगलात मारली गेली. त्या दिवसांत संध्याकाळी घराबाहेर पडण्यास माणसे कशी धजत नसत, ते येथील शिक्षकांनी पाहिले आहे. जागामालकाची परवानगी घ्यावी, सरपंचांस व पालकांस कळवावे. डबी पारदर्शक असावी व तीवर शाळेचे नाव असावे, म्हणजे बेवारस वस्तू म्हणून घबराट होणार नाही. मुलांची नावे वा छायाचित्रे ठिकाणासह इंटरनेटवर टाकू नयेत.

खेळ अंगवळणी पडल्यावर तो गावाच्या उपयोगी पडू शकतो. पांदण रस्ते, नाल्याचा उतार, शेताशेतांची जुनी नावे यांपैकी बरेचसे कोणत्याही छापील नकाशात नसते. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा, २००४ पासून लोकांनीच भरत आणलेला नकाशा आहे. त्यात गावाचे पांदण रस्ते शिक्षकास विनामूल्य नोंदविता येतात. शेतात कोणास साप चावला आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बोलाविले, तर "मोठ्या लिंबाजवळ" एवढ्या पत्त्यावर बाहेरगावचा चालक पोचत नाही. अशा वेळी सातवीतील मुलीने वडिलांच्या फोनवरील दोन आकडे न चुकता वाचून दाखविले, तर गाडी निदान योग्य पांदणीच्या तोंडाशी येते. त्या आकड्यांचा सराव दर शनिवारी दहा मिनिटे, दोघादोघांच्या जोडीने, एकाने वाचून व दुसऱ्याने लिहून घेऊन करावा. शाळेचे स्वतःचे अक्षांश-रेखांश दर्शनी भिंतीवर ठळक रंगवावेत : दशांश अंशांत, चार स्थळांपर्यंत, अक्षांश आधी.