मुक्या जिवाचा मुतखडा

श्रोतेहो, आज मी कवितेविषयी बोलणार नाही. कुत्र्यांना होणारा मुतखडा आणि तो मोठी चिरफाड न करता काढण्याच्या पद्धती, हा आजचा विषय. ऐकून कोणी नाक मुरडेल. आमच्या घरी दखनीत याला 'पथरी' म्हणतात, ऐकायला जरा बरं. मराठीनं मात्र आडपडदा न ठेवता 'मुतखडा' म्हटलं. दुखणंही तसंच रोखठोक आहे. लघवी पूर्ण तुंबली, तर जनावर दोन-तीन दिवसांत दगावू शकतं.

आमच्याकडे कुत्र्याला सहसा उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, पण राखणीला अंगणात तो असतोच. शेजारच्या मास्तरांचा कुत्रा एका उन्हाळ्यात दिवसभर या खांबाकडून त्या खांबाकडे जाई, पाय वर करी. लघवीचे नुसते थेंब, त्यात मधूनच रक्त. कोणी म्हणालं, उष्णता झाली, ताक पाजा. कोणी एरंडेल सुचवलं. मास्तरांनी कोणाचंच ऐकलं नाही. कुत्र्याला रिक्षात घालून थेट परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. हे महाविद्यालय १९७२ पासूनचं. ते फक्त बैल-म्हशींसाठी आहे, असं अजून पुष्कळांना वाटतं.

नर कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं. मूत्रनळी त्या हाडाच्या खाचेतून जाते. तिथं तिला फुगायला जागा नाही, म्हणून मूत्राशयातून निसटलेला खडा नेमका हाडामागे अडकतो. मादीची नळी आखूड आणि रुंद, त्यामुळे तिची लघवी सहसा तुंबत नाही. डॉक्टरांनी बारीक नळी घालून सलाईनच्या दाबानं अडकलेला खडा मागे मूत्राशयात ढकलला. लघवी मोकळी झाली, जीव वाचला. पुढं पोट उघडून खडे काढले.

पोट उघडण्याची ही पद्धत जुनी आणि भरवशाची. पण तिच्यात दोन अडचणी आहेत. एखाददुसरा बारीक खडा आत राहून जातो. शिवाय मूत्राशयाला घातलेल्या टाक्याचा धागा आत उरला, तर कधीकधी त्याच्याभोवतीच नवा खडा धरतो. म्हणून आता पोटावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं छिद्र घेतात, त्यातून दुर्बीण मूत्राशयात घालतात आणि तारेच्या लहानशा जाळीनं खडे वेचतात. खडे उरलेत का, हे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसतं. दुसरी पद्धत लेसरची. मूत्रमार्गातूनच बारीक तंतू आत नेऊन खड्याचे तुकडे करायचे. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २०१६ साली शिफारस केली की, जिथं शक्य असेल तिथं पोट उघडण्याऐवजी अशाच पद्धती वापराव्यात.

हे वाचून माझ्या मनात आलं, आपल्या गावाला याचा काय उपयोग? लेसर आणि दुर्बीण मोठ्या शहरांत, तीही मोजक्या ठिकाणी. पण याच कुळातली एक साधी युक्ती १९९३ साली मिनेसोटातल्या पशुवैद्यकांनी मांडली. कुत्र्याला भूल द्यायची, मूत्राशय सलाईननं भरायचं, कुत्र्याला पाठीचा कणा उभा राहील असं धरायचं आणि हातानं मूत्राशय दाबायचं. खडे तळाशी येतात आणि धारेबरोबर बाहेर पडतात. एकही टाका नाही. महागडं यंत्रही नाही. मात्र खडे बारीक हवेत. मध्यम बांध्याच्या मादीत आपल्या 'परभणी मोती' ज्वारीच्या दाण्याएवढे चालतील, नरात त्याहून लहान. म्हणजे मालकानं पहिल्या रक्ताच्या थेंबाला दवाखाना गाठला, तरच ही युक्ती कामाची.

माणसांच्या बाबतीत हा प्रवास फार जुना आहे. सुश्रुतानं मुतखड्याची शस्त्रक्रिया सांगताना आधी राजाची परवानगी घ्यायला सांगितलं, कारण रोगी वाचेल याची खात्री नव्हती. पॅरिसच्या सिव्हिआलनं १८२४ मध्ये मूत्रमार्गातून अवजार घालून खडा आतल्या आत फोडून दाखवला. कुत्र्यांची पाळी यायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं लागली.

शेतकरी श्रोत्यांसाठी बोकडाचं सांगायलाच हवं. लहानपणी खच्ची केलेल्या, धान्यावर पोसलेल्या बोकडाची लघवी अशीच तुंबते. ईदसाठी वर्षभर पोसलेलं जनावर चार दिवस आधी कुंथू लागलं की घरातली पोरंसुद्धा जेवत नाहीत. आपल्या देशात त्यावर छोट्या छेदातून मूत्राशयात फुग्याची रबरी नळी बसवतात. लघवी काही दिवस त्या नळीतून वाहते. पोटातून नवसागर देतात, त्यानं खडे विरघळू लागतात. वाट मोकळी झाली की नळी काढून टाकतात. एक मात्र करू नका. तुंबलेल्या जनावराला लघवी वाढवणारं औषध घरच्या घरी पाजू नका, मूत्राशय फुटेल.

कुत्र्यांच्या प्रत्येक खड्याला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. जंतुसंसर्गातून झालेला खडा योग्य औषध आणि विशिष्ट आहारानं काही आठवड्यांत विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र विरघळत नाही, तो काढावाच लागतो. डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत युरिक आम्लाचे खडे होतात, त्यांचं औषध आणखी वेगळं. म्हणून काढलेला खडा टाकून देऊ नका, डॉक्टरांना तपासणीला पाठवायला सांगा. तो कसला आहे ते कळलं, की कुत्र्याला पुढं काय खाऊ घालायचं हे ठरवता येतं. पाणी मात्र सगळ्यांनाच भरपूर हवं. आपल्या मे महिन्यात अंगणातलं भांडं दुपारी दोनदा तरी भरा.