एका अर्थाचे दोन शब्द



विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांना हसू आले असेल. ऊसतोड कामगारांच्या सभांतून कोयत्याच्या दराविषयी बोलणारा मनुष्य जपानी भाषेविषयी काय सांगणार? शिवाय हे गाव शब्दांच्या बाबतीत साधे नव्हे. येथे मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांनी येथेच कापडाच्या लांबलचक पासोडीवर ओव्या लिहिल्या. अशा गावात सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने भाषेवर बोलावे, हे धाडसच आहे. परंतु मी पंडित म्हणून आलेलो नाही. उतारवयात पाटी हाती घेतलेला विद्यार्थी म्हणून माझ्या अडचणी तुमच्यापुढे मांडणार आहे.

प्रथम ह्या छंदाचे कारण सांगतो. माझ्या गावचा एक मुलगा पुण्यास राहून जपानी शिकत होता. आई-बाप फडावर आणि मुलाच्या डोळ्यांपुढे जपान. 2017 मध्ये भारत व जपान ह्यांच्यात तांत्रिक प्रशिक्षणार्थी पाठविण्याविषयी करार झाला आणि 2021 मध्ये कुशल कामगारांविषयी दुसरा झाला. तेव्हापासून आपल्याकडचीही मुले तिकडची वाट धरू लागली. हा मुलगा सुटीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तात्या, अक्षरे पाठ झाली, व्याकरणही जमते. पण एकाच अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द येतात. कोणता कुठे वापरायचा तेच कळत नाही." मी म्हटले, "आण ते पुस्तक इकडे." ते पुस्तक जे माझ्याकडे राहिले, ते अजून परत गेलेले नाही.

जपानी भाषा आपणांस वाटते तितकी परकी नाही. तिच्यात क्रियापद मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते. आपण 'घरात', 'घरी', 'घराला' म्हणून नामाच्या मागे प्रत्यय लावतो, तसे तेही लावतात. हिरागाना आणि काताकाना ह्या दोन लिप्यांत मूळ अक्षरे 46-46 आहेत. महिनाभर नेट धरला तर ती येतात. चिनी चिन्हे मात्र नित्य वापरातलीच 2136 ठरविलेली आहेत. त्यांच्यापुढे मी हात जोडले आहेत. पण माझा आजचा विषय चिन्हांचा नाही. तो शब्दांच्या निवडीचा आहे.

घरातलीच उदाहरणे घेऊ. आपण सदरा घालतो, धोतर नेसतो, फेटा बांधतो आणि घोंगडी पांघरतो. सगळे अंगावर घ्यावयाचेच. पण कोणी 'फेटा नेसला' म्हणाले तर पोरेसुद्धा हसतील. जपानीतही तसेच आहे. सदरा-कोटासाठी 'किरु', विजार व पादत्राणे ह्यांसाठी 'हाकु' आणि टोपीसाठी 'काबुरु'. इंग्रजीवरून शिकणारास येथे त्रास होतो, कारण तेथे एकाच शब्दावर भागते. मराठी माणसाने मात्र घाबरण्याचे कारण नाही. ही शिस्त त्याच्या जिभेला आधीपासून आहे.

तसेच थंडीचे. हवा थंड असेल तर 'समुइ' आणि हाताला पाणी गार लागले तर 'त्सुमेताइ'. आपणही 'थंडी वाजते' म्हणतो आणि माठातले पाणी 'गार' म्हणतो. पाण्याची गंमत तर आणखी पुढची आहे. साध्या पाण्यास 'मिझु' म्हणतात, पण तेच तापविले की त्याचे नाव बदलून 'ओयु' होते. 'गरम मिझु' असे म्हणण्याची रीत नाही.

ह्यावरून मी एक नियम बसविला आणि त्या मुलास सांगितला. शब्दाचा अर्थ काय, एवढेच विचारू नकोस. तो कोणाबरोबर येतो, कोण कोणास म्हणतो आणि म्हटल्याने काय बदलते, हे तीन प्रश्न विचार. एकट्या शब्दाची यादी पाठ करणे म्हणजे बैलजोडीतला एकच बैल विकत घेणे होय. 'किरु' पाठ करू नकोस. 'सदरा किरु' पाठ कर.

दुसरा प्रश्न कोण कोणास म्हणतो हा. काम सुटताना जपानात एकमेकांस 'ओत्सुकारेसामा' म्हणतात. 'दमलात हो' असा त्यातला भाव. दुसरा एक शब्द आहे, 'गोकुरोसामा'. त्याचाही भाव 'फार कष्ट घेतलेत' असाच. कोशात पाहाल तर दोन्हींपुढे जवळजवळ एकच अर्थ सापडेल. परंतु दुसरा शब्द वरच्याने खालच्यास म्हणावयाचा, अशी तिकडे समजूत आहे. आपल्या मुलाने मुकादमास 'गोकुरोसामा' म्हटले, तर धन्याने गड्याची पाठ थोपटावी तसे ते होईल. म्हणून मी त्यास सांगितले, पहिला शब्द सर्वांस चालतो, तोच धर. कामगाराने कामगारास म्हणावयाचा तो शब्द आहे, आणि मला तो मनापासून आवडला. फडावरून परतणाऱ्या बाईस 'दमलीस गं' म्हणणारे आपल्याकडे किती निघतील?

आता देण्याघेण्याचे. मी दुसऱ्यास दिले तर 'आगेरु' आणि दुसऱ्याने मला दिले तर 'कुरेरु'. आपल्याकडे दोन्हीकडे 'देणे'च आहे. पण 'कुरेरु' ह्या शब्दात उपकाराची छटा असते. कोणी आपल्यासाठी काही केले, त्याची जाण असते. भेटवस्तूसाठी तो शब्द शोभतो. आपल्याकडे मात्र 'मालकाने पैसे दिले' हे इतक्या हळू आवाजात म्हटले जाते, की जणू दिवाळीची ओवाळणी मिळाली! त्यापेक्षा कारखान्यातला मनुष्य 'पगार झाला' म्हणतो ते मला बरे वाटते.

बंधूंनो, जपानी शब्दांशी माझी पहिली गाठ ह्या पुस्तकामुळे पडली नाही. तरुणपणी मी पुण्याजवळ एका कारखान्यात यंत्रावर होतो. त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे भिंतीवर 'सेइरि' आणि 'सेइतोन' असे दोन शब्द रंगविले होते. आम्ही दोन्हींचा अर्थ 'नीटनेटकेपणा' असाच करीत असू. पुढे कळले, की सेइरि म्हणजे नको ते वेगळे करून काढून टाकणे आणि सेइतोन म्हणजे राहिले ते जागच्या जागी लावणे. पहिले केल्याशिवाय दुसरे केले, तर आपण अडगळच ओळीने मांडून ठेवतो. किती उपयोगी भेद! पण आम्हांस तो कोणी समजावून दिला नव्हता.

त्याच भिंतीवर 'मुदा' हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. मुदा म्हणजे वाया जाणे. वाया जाणारा माल, वाया जाणारा वेळ, वाया जाणारी चाल. त्या नावाखाली आमच्या पाणी पिण्यास जाण्याच्या फेऱ्या मोजल्या गेल्या आणि दोन माणसांचे यंत्र एकाच्या गळ्यात आले. पुष्कळ वर्षांनी ह्या पुस्तकाच्या निमित्ताने मला समजले, की जपानी कारखानदारीत हा शब्द एकटा नाही. मुदा, मुरा आणि मुरि अशी ती तीन भावंडे आहेत. मुरा म्हणजे कामातला चढउतार आणि मुरि म्हणजे माणसावर वा यंत्रावर झेपणार नाही असा भार. तिन्ही दोष काढावयाचे, अशी मूळ शिकवण आहे. आमच्या भिंतीवर त्यांपैकी एकच भावंड आले होते. रोजच्या बोलण्यातही तिकडे निरोप देताना 'मुरि शिनाइदे' म्हणतात, म्हणजे 'फार ओढून करू नकोस'. हा शब्द मला पंचविशीत ठाऊक असता, तर साहेबांशी बोलताना माझ्या हाती त्यांच्याच भिंतीचा पुरावा असता.

जपानने तरी मुरि टाळली आहे काय? नाही. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूस त्यांच्या भाषेत 'कारोशि' असा वेगळा शब्द करावा लागला आणि तो टाळण्यासाठी 2014 मध्ये कायदा करावा लागला. तेव्हा आपण कोणाची आरती करावयाची नाही. शब्द मात्र पारखून घ्यावयाचे.

आता तिसरा प्रश्न, म्हटल्याने काय बदलते. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा. 'केन्शू' आणि 'जिश्शू' असे दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ प्रशिक्षण आणि दुसऱ्याचा प्रत्यक्ष काम करून शिकणे. तुम्ही म्हणाल, ह्यात काय मोठेसे? परदेशांतून जपानात येणाऱ्या शिकाऊ कामगारांस पूर्वी पहिल्या वर्षी 'केन्शूसेइ' म्हणत. तो विद्यार्थी ठरे, म्हणून कामगार कायदे त्यास लागू नसत. काम यंत्रावरच, पण किमान वेतन नाही. 2009 मध्ये कायदा सुधारला आणि जुलै 2010 पासून कारखान्यात काम करणारा मुलगा 'जिश्शूसेइ' झाला. कामगार कायद्यांचे छत्र त्याच्यावर आले. आक्षेप तरीही उरले, आणि 2024 मध्ये त्यांनी ही योजनाच बदलणारा कायदा केला. तिच्या नव्या नावात 'शूरो', म्हणजे रोजगार, हा शब्द घातला आहे. आपल्याकडेही 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात शिकाऊ हा कामगार नव्हे असे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा करारावर सही करताना मुलाने आपले नाव बरोबर आहे काय एवढेच पाहू नये. आपणांस काय म्हटले आहे, तेही पाहावे.

येथून मी आपल्या दारात येतो. जपानीत काम करण्यास 'हाताराकु' म्हणतात. त्याचे चिन्ह माणूस आणि हालचाल ह्या दोन चिन्हांचे मिळून झालेले आहे, आणि ते चीनकडून आलेले नसून जपान्यांनी स्वतः घडविलेले आहे. नोकरीस असणे ह्यास मात्र 'त्सुतोमेरु' असा निराळा शब्द आहे. आपला ऊसतोड करणारा मनुष्य पहाटेपासून हाताराकु करतो, पण त्सुतोमेरु करतो काय? विचारा कोणासही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी उचल दिली आहे. एवढा ऊस तोडला जातो आणि तोडणारा कोणाच्याच नोकरीस नाही! नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. म्हणजे मोजणीत दोन माणसांचे एक हत्यार होते.

हंगामासाठी घर सोडून कमावण्यास जाणे ह्यास जपानीत 'देकासेगि' म्हणतात. 1950 आणि 1960 च्या दशकांत उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले शेतकरी हिवाळ्यात तोक्योकडे बांधकामावर जात. गावात म्हातारी आणि मुले राहत. शब्द वाचताच मला आपली दिवाळीनंतरची ओस गावे दिसली.

आणि उचल? तिलाही त्यांच्याकडे शब्द आहे, 'झेन्शाकुकिन'. कामाच्या अटीवर आगाऊ दिलेले कर्ज. महायुद्धापूर्वी तेथे बापाच्या हाती असे पैसे ठेवून मुलींना रेशमाच्या गिरण्यांत नेत आणि पैसे फिटेतो त्या बांधल्या जात. 1947 मध्ये जपानने श्रममान कायदा केला. त्याच्या 17 व्या कलमाने सांगितले, की कामाच्या अटीवर दिलेली अशी रक्कम मालकाने मजुरीतून वळती करून घ्यावयाची नाही. त्याच कायद्याचे 11 वे कलम मला फार आवडते. मजुरी, पगार, भत्ता, बक्षीस, काहीही नाव द्या. कामाचा मोबदला म्हणून मालकाने कामगारास जे दिले ते सारे मजुरीच. शब्दांच्या आड लपण्याची वाटच त्या कलमाने बंद केली.

आपणांकडेही 1976 चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे. आगाऊ घेतलेल्या रकमेपोटी मनुष्याची काम सोडून जाण्याची मोकळीक गेली, तर तो त्यास वेठबिगारी म्हणतो. पण आपण रोजच्या बोलण्यात त्या रकमेस 'उचल' म्हणतो. किती हलका शब्द! जणू वाटेवर पडलेली वस्तू उचलून घेतली. कर्ज म्हटले तर कोणी व्याज विचारील, आगाऊ मजुरी म्हटले तर कोणी दर विचारील. उचल म्हटले की कोणी काहीच विचारीत नाही. आणि आजारी पडून दिवस बुडाला, तर त्यास 'खाडा' म्हणून दंड कापतात. आजारपण आणि खाडा हे एका दिवसाचे दोन शब्द आहेत. पहिल्यास औषध लागते, दुसऱ्यास दंड. म्हणून मी सभेत 'ऊसतोड मजूर' न म्हणता 'ऊसतोड कामगार' म्हणण्याचा आग्रह धरतो. शब्द बदलल्याने दर वाढत नाही, हे मला समजते. पण दर मागावयास उभे राहावयाचे, तर आपण कोण म्हणून उभे आहोत, ते आधी ठरावे लागते.

तो मुलगा आता परीक्षेच्या तयारीत आहे. त्याने करारनामा आणून दाखविला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तीन दिवस तो वाचला. जेथे अडलो तेथे पुण्याच्या जाणकारांस विचारले. त्यात मजुरीसाठी कायद्यातलाच 'चिंगिन' हा शब्द होता, तेव्हा माझा जीव खाली पडला. दलालाने मात्र जाण्याच्या खर्चासाठी 'थोडी उचल देतो' म्हटले होते. मुलगा म्हणाला, "तात्या, हा शब्द मला जपानीतही समजला आणि मराठीतही." त्याने ती घेतली नाही. त्याच्या आईने फडावरचे साठविलेले पैसे दिले. ते पुरतील की नाही, ह्याची काळजी आम्हां सर्वांस आहे.

जपानात 1955 पासून कामगार संघटना दर वसंतात एकजुटीने वेतनवाढ मागतात. तिला 'शुन्तो', वसंतातला लढा, म्हणतात. आपल्याकडे वसंतात व्याख्याने होतात आणि त्याच दिवसांत फडावरची माणसे गावी परततात. ह्या आठवड्यात तुमच्या गल्लीत कोणी परतलेला भेटला, तर त्यास एकच विचारा: हिशेबाच्या कागदावर कोणते शब्द आहेत? त्याला वाचता येत नसेल, तर तुम्ही वाचून दाखवा. आपण इतका वेळ शांतपणे ऐकलेत, दमलात. ओत्सुकारेसामा.