‘हा तुमचा अधिकार नाही’: सर्बियाचे विद्यार्थी आणि विद्यापीठाची स्वायत्तता



नोव्ही साद हे सर्बियातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तिथल्या रेल्वे स्थानकाचे नूतनीकरण झाले आणि जुलै २०२४मध्ये ते प्रवाशांसाठी पुन्हा खुले झाले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी त्या स्थानकाच्या दर्शनी भागावरचे काँक्रीटचे छत कोसळले. या दुर्घटनेत अखेर १६ माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. छत नूतनीकरणाच्या कामात धरलेलेच नव्हते, असे सुरुवातीला सांगितले गेले. लोकांचा साधा प्रश्न होता: मग कामाची कागदपत्रे दाखवा. कागदपत्रे पुढे येईनात. तेव्हा लोक ११.५२च्या ठोक्याला रस्त्यावर मूकपणे उभे राहू लागले.

२२ नोव्हेंबरला बेलग्रेडमध्ये नाट्यकला विद्याशाखेचे विद्यार्थी आणि शिक्षक असेच उभे असताना त्यांच्यावर हल्ला झाला. तीन दिवसांनी विद्यार्थ्यांनी आपली इमारत ताब्यात घेऊन तास बंद पाडले. डिसेंबरअखेर देशभरातल्या बहुतेक सरकारी विद्याशाखांमध्ये ठिय्या सुरू झाला होता.

मित्रहो, अन्यायाविरुद्ध तरुण रस्त्यावर येतात, हे जगाला नवे नाही. मला महत्त्वाची वाटते ती या तरुणांच्या मागण्यांची रचना. नूतनीकरणाची सगळी कागदपत्रे प्रसिद्ध करा, हल्लेखोरांवर खटले भरा, आंदोलकांवरचे खटले मागे घ्या आणि उच्च शिक्षणाची तरतूद २० टक्क्यांनी वाढवा, या त्या चार मागण्या. कोणी राजीनामा द्यावा, असे त्यांत कुठेही नव्हते. राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर वुचिच यांनी चर्चेची तयारी दाखवली, तेव्हा विद्यार्थ्यांचे उत्तर होते: हा तुमचा अधिकार नाही. खटला भरणे हे सरकारी वकिलाचे काम आणि कागदपत्रे देणे हे संबंधित खात्याचे. राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षांना यांपैकी काहीच दिलेले नाही.

या उत्तराचे वजन समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सर्बिया ज्याचा भाग होता त्या टिटोंच्या युगोस्लाव्हियात कायदा होता, न्यायालये होती, कामगारांचे स्वयंशासनही कागदावर होते. शेवटचा शब्द मात्र पक्षाचा. जून १९६८मध्ये बेलग्रेडच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ ताब्यात घेतले, तेव्हा टिटोंनी दूरचित्रवाणीवर त्यांची बाजू घेतली आणि ठिय्या संपला. पुढे १९७५मध्ये, त्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहिलेले तत्त्वज्ञान शाखेतले आठ शिक्षक विद्यापीठाबाहेर काढले गेले. एका माणसाच्या शब्दावर विसंबून आंदोलन संपवले की काय होते, हे सर्बियाने तेव्हाच पाहिले.

पुढे १९९०च्या दशकातले सत्ताधीश मिलोशेविच यांच्या काळात पक्षाची जागा एका नेत्याने घेतली. १९९६च्या स्थानिक निवडणुकांचे निकाल फिरवले गेले, तेव्हा विद्यार्थी ऐन हिवाळ्यात रोज मोर्चे काढत होते. सरकारने निकाल मान्य केल्यावरही ते मार्च १९९७पर्यंत हटले नाहीत आणि बेलग्रेडच्या कुलगुरूंना पायउतार व्हावे लागले. सत्तेने त्याचा वचपा काढला. मे १९९८च्या विद्यापीठ कायद्याने कुलगुरू आणि अधिष्ठाते नेमण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. शिक्षकांना नव्या करारावर सह्या करण्यास भाग पाडले गेले. अनेकांनी नकार दिला आणि नोकरी गमावली. याच कायद्याच्या संतापातून त्या ऑक्टोबरमध्ये ‘ओत्पोर’ ही विद्यार्थी संघटना जन्मली. वळलेली मूठ हे तिचे चिन्ह. दोन वर्षांनी, ५ ऑक्टोबर २००० रोजी मिलोशेविचची सत्ता कोसळली. विद्यापीठावर घातलेला घाव त्या सत्तेलाच महागात पडला.

त्यानंतर स्वायत्तता परत आली, पण पैशाचा प्रश्न सोबत घेऊन. सर्बिया २००३मध्ये युरोपातल्या उच्च शिक्षणाची रचना एकसारखी करणाऱ्या बोलोन्या प्रक्रियेत सामील झाला आणि २००५मध्ये उच्च शिक्षणाचा नवा कायदा झाला. विद्यार्थ्यांमध्ये दोन गट पडले होते: सरकारच्या खर्चाने शिकणारे आणि स्वतः शुल्क भरणारे. वर्षभरात पुरेसे श्रेयांक जमले नाहीत, तर पहिल्या गटातला विद्यार्थी दुसऱ्यात ढकलला जाई. शुल्क आणि श्रेयांक यांसाठी तिथे वेळोवेळी ठिय्ये झाले. त्यांतूनच सर्वांनी मिळून निर्णय घेण्याच्या सभेची रीत रुजली. २००९मध्ये शेजारच्या क्रोएशियात झाग्रेबच्या विद्यार्थ्यांनी मोफत शिक्षणासाठी आपली विद्याशाखा ३५ दिवस ताब्यात ठेवली आणि ती चालवण्याची पद्धत पुस्तिकेत लिहून काढली. युद्धाने वेगळ्या झालेल्या या दोन देशांत ही पद्धत एकमेकांना समजणाऱ्या भाषांमुळे सहज पोहोचली.

सभेच्या या पद्धतीचे नाव ‘प्लेनम’. विद्याशाखेतला प्रत्येक विद्यार्थी सभेला बसू शकतो आणि प्रत्येकाला एक मत. बोलण्याला वेळेची मर्यादा असते. कायमचा नेता नसतो. माध्यमांपुढे आज एक जातो, उद्या दुसरा. स्वयंपाक, सुरक्षा, कायदेशीर मदत यांसाठी कार्यगट असतात. ही रीत संथ आहे, थकवणारी आहे. पण नेताच नसल्याने कोणाला विकत घेता आले नाही आणि कोणा एकाला बदनाम करून आंदोलन मोडता आले नाही. कायद्याने विद्यापीठाचा परिसर अनुल्लंघ्य मानला आहे. गंभीर धोका नसेल तर संस्थेच्या परवानगीवाचून पोलिसांना आत येता येत नाही. त्या भिंतींआड ही सभा महिनोन्‌महिने चालली.

२८ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान मिलोश वुचेविच यांनी राजीनामा जाहीर केला. विद्यार्थ्यांचा ठिय्या तरीही उठला नाही, कारण त्यांनी राजीनामा मागितलाच नव्हता. त्याच आठवड्यात ते बेलग्रेडहून नोव्ही सादला चालत निघाले. वाटेत गावोगावच्या लोकांनी त्यांना जेवू घातले. १५ मार्चला बेलग्रेडमध्ये जमलेला समुदाय, गर्दीची मोजदाद करणाऱ्या एका स्वतंत्र गटाच्या अंदाजानुसार, पावणेतीन ते सव्वातीन लाखांचा होता.

याची किंमतही सांगितली पाहिजे. शैक्षणिक वर्ष विस्कटले. शिक्षकांच्या आठवड्यात अध्यापनाचे २० आणि संशोधनाचे २० तास धरले जात. सरकारने ते प्रमाण ३५ आणि ५ केले. तास बंद असल्याने विद्यार्थ्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या प्राध्यापकांच्या हाती पगाराचा जेमतेम तुकडा आला. आणि मे २०२५मध्ये विद्यार्थ्यांनी मुदतपूर्व निवडणुकीची मागणी केली, तेव्हा अधिक अवघड प्रश्न उभा राहिला. उमेदवार निवडायचे, कार्यक्रम लिहायचा, पुढे राज्य चालवायचे, ही कामे सभेच्या रीतीने कितपत होतील? त्याचे उत्तर त्यांना नव्या मार्गाने शोधावे लागेल.

श्रोतेहो, निकाल काहीही लागो, या पिढीने एक गोष्ट सिद्ध केली आहे. पक्षाचे किंवा व्यक्तीचे राज्य दीर्घकाळ चालले की संस्था आतून पोकळ होतात आणि लोक प्रत्येक तक्रार घेऊन सर्वांत वरच्या माणसाकडे धावतात. अधिष्ठाता निवडणारे, अभ्यासमंडळात वाद घालणारे, मतदानाने निर्णय घेणारे विद्यापीठ ही त्या समाजातली उरलेली शाळा आहे, जिथे कोणाचे काय काम आणि कोण कोणाला उत्तरदायी, हे रोज शिकता येते. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या चार मागण्यांत शिक्षणाच्या तरतुदीची मागणी शोभेची नव्हती. जो समाज विद्यापीठाला पुरेसा पैसा आणि पुरते स्वातंत्र्य देतो, तो सत्तेला योग्य प्रश्न योग्य दारात विचारणारे नागरिक घडवतो. सर्बियाने हे १६ जीव गमावल्यावर ओळखले. इतरांनी त्यासाठी अशा दुर्घटनेची वाट पाहू नये.